मावशीचा कुर्ता का आटला? तंतूपासून कापडापर्यंत

गेल्या पावसाळ्यात मावशीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. "अगं, तो नवा कुर्ता दोन पाण्यात चार बोटं वर गेला. आणि दुकानदार शपथेवर सांगत होता, मऊ कॉटन आहे म्हणून."

"मावशी, आतल्या शिवणीत एक पांढरी पट्टी असेल. तिच्यावर काय लिहिलंय ते वाच."

चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. मग एकेक अक्षर लावत तिनं वाचलं, "१०० टक्के व्हिस्कोस. हे काय असतं? प्लास्टिक?"

प्लास्टिक नव्हे. कापूसही नव्हे. लाकूड.

त्यावर फोनमध्ये जी शांतता पसरली, तिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

कापडाची नावं ऐकून माणूस गोंधळला नाही तरच नवल. दुकानदार एका दमात सांगतो, "हे रेयॉन, हे साटीन, हे खादी, हे होजिअरी, हे सेमी सिल्क." जणू एकाच टोपलीतली पाच फळं. पण रेयॉन हे तंतूचं नाव आहे, साटीन हे विणीचं, खादी हे सूत कसं कातलं आणि कुठे विणलं त्याचं, होजिअरी हे विणण्याच्या निराळ्या पद्धतीचं, आणि सेमी सिल्क हे निव्वळ दुकानदाराच्या कल्पकतेचं.

गव्हाचं उदाहरण घ्या. जाडसर दळला की रवा, बारीक दळला की कणीक. कणकेची पोळी होते, पुरी होते, शंकरपाळी होते. वर तुपाचा हात फिरवला की चव आणखी बदलते. आता कुणी नुसतं "गव्हाचं आहे" म्हटलं, तर ताटात काय पडणार ते कळेल का? कपड्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं ते एवढंच, धान्याचं नाव. दळण कसं होतं, पदार्थ कोणता केला आणि वरून काय घातलं, हे ती पट्टी सांगत नाही. कपडा अंगावर कसा वागणार हे मात्र या चारही गोष्टी मिळून ठरवतात.

धान्य कोणतं?

केसासारखी बारीक, जाडीच्या मानानं खूप लांब अशी जी काडी असते, तिला तंतू म्हणायचं. निसर्गात ते दोन ठिकाणी मिळतात. झाडाकडून कापूस, लिनन, ताग. प्राण्याकडून लोकर आणि रेशीम. झाडाचे तंतू सेल्युलोज नावाच्या पदार्थाचे असतात, प्राण्यांचे प्रथिनांचे. म्हणून सुती कापड जळताना कागदाचा वास येतो आणि लोकर जळताना केस जळल्याचा.

माणसानं बनवलेल्या तंतूंचीही दोन घराणी आहेत आणि गडबड इथेच होते. एक घराणं खनिज तेलापासून निघतं, पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक वगैरे. पॉलिएस्टर म्हणजे रसायनाच्या भाषेत पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक. ते वितळवून बारीक भोकांतून सोडतात आणि थंड हवेत त्याच्या तारा होतात. जत्रेत म्हातारीचे केस बनवताना पाहिलंत ना? साखर वितळते, भोकांतून बाहेर फेकली जाते, हवेत तंतू होतात. तत्त्व तेच.

दुसरं घराणं म्हणजे रेयॉन. व्हिस्कोस हा त्याचा सगळ्यात प्रचलित प्रकार, त्यामुळे बाजारात दोन्ही शब्द एकाच अर्थानं चालतात. इथे कच्चा माल लाकडाचा लगदा. लाकडातही सेल्युलोजच असतं, फक्त त्याचे धागे काढण्याजोगे लांब तंतू नसतात. मग तो लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात. मधासारखा घट्ट द्राव तयार होतो. तो बारीक भोकांच्या चकतीतून आम्लाच्या हौदात सोडला की सेल्युलोज पुन्हा घट्ट होतं. कुरडयांचा चीक सोऱ्यातून पडतो तसा तंतू बाहेर येतो.

म्हणजे व्हिस्कोस आणि कापूस हे नात्यानं सख्खे आहेत. पण या सगळ्या खटाटोपात सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात, आणि त्याची किंमत ओलं झाल्यावर मोजावी लागते. कापूस भिजला की त्याची ताकद वाढते. व्हिस्कोस भिजलं की ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि तंतू पाण्यानं चांगलेच फुगतात. फुगलेल्या तंतूंचं सूत जाडीला वाढतं आणि लांबीला कमी होतं. मावशीचा कुर्ता चार बोटं वर गेला तो असा.

जाता जाता, "बांबूचं कापड" म्हणून जी बनियन आणि मोजे विकले जातात, तेही बहुतेक व्हिस्कोसच असतं, लगदा बांबूचा एवढाच फरक. मोडाल म्हणजे बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं, जरा सुधारलेलं व्हिस्कोस. आणि "आर्ट सिल्क" मधला आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल.

कोण पाणी पितो, कोण पीत नाही

घरी एक प्रयोग करून बघा. वातींसाठी आणलेला साधा कापूस घ्या, सरकी काढलेला पण बाकी काही न केलेला. दुसरीकडे औषधाच्या दुकानातला कापसाचा गुंडाळा. दोन्हींचे बोराएवढे गोळे पेल्यातल्या पाण्यावर हलकेच सोडा. दवाखान्याचा कापूस पाणी पिऊन लगेच बुडतो. वातीचा कापूस मात्र तरंगत राहतो, अगदी बोटानं दाबला तरी पुन्हा वर येतो.

याचं कारण कापसाच्या तंतूवर निसर्गानंच दिलेला मेणाचा पातळ थर. वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी, पण पाणी अडवायला पुरेसा. कापड तयार होताना ते कॉस्टिक सोड्यात उकळून हे मेण काढतात. म्हणजे "सुती कपडा घाम टिपतो" हे वाक्य खरं, पण त्यातला अर्धा गुण शेताचा आणि अर्धा त्या उकळणाऱ्या भट्टीचा.

तंतू हवेतली वाफसुद्धा शोषतात. साधारण हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, शंभर ग्रॅम कोरड्या कापसात सात-साडेआठ ग्रॅम पाणी मुरलेलं असतं. रेशमात सुमारे ११, व्हिस्कोसमध्ये १३, लोकरीत १६ च्या आसपास. आणि पॉलिएस्टरमध्ये ०.४ ग्रॅम. एप्रिलच्या दुपारी पॉलिएस्टरचा सदरा पाठीला चिकटतो त्याचं मूळ या ०.४ मध्ये आहे.

लोकरीचा आकडा वाचून चमकलात? मग भर पावसात मेंढपाळ घोंगडीची खोळ घेऊन कसा उभा राहतो? लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात आणि मेंढीच्या अंगचं थोडं तेल. त्यामुळे थेंब वरून ओघळतो. वाफ मात्र खवल्यांच्या फटींतून आत शिरते आणि तंतूच्या पोटात मुरते. वजनाच्या तीस टक्के पाणी मुरलं तरी लोकर हाताला ओली लागत नाही. वर गंमत अशी की पाणी मुरताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते. दख्खनी मेंढीची लोकर भरड, अंगाला टोचणारी. तिच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावून विणलेली घोंगडी रेनकोटापेक्षा जड असेल, पण रेनकोटात माणूस आतून घामानं भिजतो आणि घोंगडीत भिजत नाही.

"मग खेळाडू पॉलिएस्टरची जर्सी का घालतात?"

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. पॉलिएस्टरचा तंतू घाम पीत नाही. पण खेळाच्या जर्सीत तंतू फार बारीक असतात, कधी मुद्दाम खाचा पाडलेले, आणि त्यांच्यामधल्या फटींतून घाम वातीत तेल चढावं तसा चढत कापडाच्या बाहेरच्या बाजूला येतो. तिथे वारा लागला की उडून जातो. सुती टी-शर्ट तोच घाम पोटात ठेवतो, जड होतो आणि तासभर ओला राहतो. धावणाऱ्याला जर्सी बरी, कचेरीत बसणाऱ्याला सुती सदरा बरा.

यात एक अट आहे. घाम उडायला हवा कोरडी हवी किंवा वारा तरी हवा. जूनमधल्या दादर स्टेशनवर दोन्ही नसतं.

आणि पॉलिएस्टरला पाण्याचं वावडं असलं तरी तेलाशी त्याची मैत्री आहे. अंगाचं तेल त्यात घट्ट बसतं, साध्या धुण्यानं पूर्ण निघत नाही, आणि पुन्हा घाम आला की जुना वास जागा होतो. टेरिकॉट, म्हणजे टेरिलीन हे पॉलिएस्टर आणि कॉटन यांचं मिश्रण, हा या भांडणातला समझोता होता. इस्त्री कमी, टिकाऊपणा जास्त, घाम थोडाफार टिपणारा. दोन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यावर निघाले.

पाच मिलिमीटरचे ४०० रुपये

आता दळणाकडे, म्हणजे सुताकडे वळू. माझ्या मते सगळ्यात मोठी करामत इथेच आहे.

आजी वाती कशा वळायची आठवतं? कापसाचा पुंजका चिमटीत धरून हलकेच ओढायचा, तंतू एका दिशेनं सरळ होतात. मग बोटाला थोडं भस्म लावून तो तळहातावर नाहीतर पोटरीवर वळायचा. ओढताना जो कापूस फुंकरीनं उडत होता, तोच पीळ बसल्यावर दोन्ही हातांनी ताणला तरी लवकर तुटत नाही. त्यात ना डिंक, ना गाठ. पीळ बसला की तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणानं धरून ठेवतात. सूतगिरणीतली यंत्रं हेच करतात. पिंजायचं, पेळू करायचा, ओढून बारीक करायचा, पीळ द्यायचा. चरखाही हेच करतो, चातीवर.

आता विचार करा. तंतू एकमेकांना नुसत्या घर्षणानं धरून असतील, तर कोणता तंतू चांगला? अर्थात लांब. लांब तंतूला शेजाऱ्यांना धरायला जास्त जागा मिळते, म्हणून कमी तंतूंत, कमी पिळात, बारीक आणि मऊ सूत कातता येतं. आखूड तंतूंना मात्र जास्त पीळ द्यावा लागतो आणि त्यांची टोकं सुतातून केसांसारखी बाहेर येतात. तीच अंगाला खरखरतात. घासून घासून तीच एकमेकांत गुंततात आणि कपड्यावर गोळे येतात. (सुती कपड्यावरचे गोळे झडून तरी जातात. पॉलिएस्टरचा तंतू इतका चिवट की तो गोळ्याला सोडतच नाही.)

म्हणून कापसाचा भाव तंतूच्या लांबीवर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामातले हमीभाव बघा. मध्यम धाग्याचा कापूस, म्हणजे तंतू साधारण २५ मिलिमीटर, क्विंटलला ७,७१० रुपये. लांब धाग्याचा, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर, ८,११० रुपये. नखाच्या अर्ध्या लांबीएवढा फरक, किंमत क्विंटलमागे ४०० रुपये. त्या क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, साधारण ३४ किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं आणि ढेप गुरांच्या पुढ्यात जाते.

"टी-शर्टवर कोम्ब्ड कॉटन लिहिलेलं असतं, ते काय?" तेही इथलंच. केस विंचरावेत तसा कापूस बारीक फणीतून काढतात. आखूड तंतू बाजूला पडतात, लांब तेवढे राहतात. सूत गुळगुळीत होतं, पण चांगल्या वजनाचा माल कचऱ्यात गेलेला असतो, म्हणून महाग. हे आखूड तंतूही फुकट जात नाहीत. जाड सूत, डेनिम, गाद्या असं त्यांचं पुढचं आयुष्य असतं. देशी जातींचा आखूड, भरड कापूस तर दवाखान्याच्या कापसासाठी लांब धाग्यापेक्षाही चांगला.

"आपण एवढा कापूस पिकवतो, मग बाहेरून का आणतो?"

ऑगस्ट २०२५ मध्ये हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी विचारला गेला. केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे वेचणी सुरू होऊन माल बाजारात यायच्या ऐन वेळी.

गिरण्यांची बाजू नेहमी अशी मांडली जाते की अतिलांब धागा भारतात पुरेसा पिकत नाही. ते खरंच आहे. ३२ मिलिमीटरच्या वरचा कापूस इजिप्त आणि अमेरिकेतून येतो. आपल्याकडे दक्षिणेत सुविनसारख्या जाती आहेत, पण उत्पादन थोडं. मात्र या अतिलांब कापसावरचं शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढलेलं होतं. ऑगस्टमधली सवलत सरसकट सगळ्या कापसाला होती, म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याकडे जो पिकतो तसल्याच लांबीच्या कापसालाही. शेतकऱ्याचा राग तिथे होता आणि तो मला तरी समजण्यासारखा वाटतो.

गिरण्यांना परदेशी कापूस आवडण्याचं आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा कमी होते. कचरा. आपल्याकडे कापूस हातानं वेचतात. खरं तर हातानं वेचलेलं बोंड यंत्रानं ओरबाडलेल्या बोंडापेक्षा स्वच्छ निघायला हवं. पण पुढे तो प्लास्टिकच्या गोणीत भरला जातो, सुतळीनं शिवला जातो, अंगणात वाळतो, ट्रॅक्टरमधून जिनिंगला जातो. वाटेत गोणीचा एखादा निळा धागा, केस, सुतळीचा तुकडा आत शिरतो. तो धागा पिंजणीत फाटून शंभर ठिकाणी पसरतो, आणि रंगवल्यानंतर पांढऱ्याशुभ्र कापडावर ठिपका होऊन दिसतो, कारण प्लास्टिक सुताचा रंग घेत नाही. म्हणून तर वेचणीसाठी सुती कापडाची झोळी वापरा, असं तज्ज्ञ परत परत सांगतात. गोणीच्या एका धाग्यानं अख्ख्या गाठीचा, म्हणजे १७० किलो रुईचा, दर्जा उतरू शकतो.

सुताचा नंबर आणि चादरीची थाप

सुताची जाडी पट्टीनं मोजत नाहीत, नंबरानं सांगतात. व्यापारी त्याला काउंट म्हणतात. ८४० यार्डांची, म्हणजे ७६८ मीटरची एक लडी. एक पौंड सुतात अशा किती लड्या बसल्या, तो त्या सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. ४० नंबरचं एक किलो सूत उलगडलं तर सुमारे ६८ किलोमीटर भरेल. त्या सुताचा कुठेही छेद घेतला तर आत जेमतेम शंभरेक तंतू असतात.

हा हिशेब ध्यानात ठेवा, कारण ऑनलाइन चादरी विकणारे "१००० थ्रेड काउंट" असं दणकून लिहितात. थ्रेड काउंट म्हणजे एक इंच लांब, एक इंच रुंद चौकोनात उभे आणि आडवे मिळून किती धागे. १००० म्हणजे इंचाला साधारण ५०० उभे, ५०० आडवे. आता ८० नंबरचं सूत, जे चांगलंच बारीक आहे, त्याची जाडी भरते सुमारे एक दशांश मिलिमीटर. इंचात असतात २५.४ मिलिमीटर. म्हणजे धागे अगदी खांद्याला खांदा लावून बसवले तरी एका इंचात अडीचशेच्या आसपास मावणार. मग पाचशे आले कुठून? दोन-तीन-चार बारीक सुतं एकत्र पिळून एक धागा करतात आणि मोजताना प्रत्येक सूत वेगळं धरतात. चादर खोटी नसते, पण आकडा फुगवलेला असतो. अशी चादर पुष्कळदा जाड आणि गरम होते. आपल्या हवेला दोन-तीनशेचं साधं सुती कापड केव्हाही बरं.

पोळी की पुरी? वीण

बुरुडाची टोपली डोळ्यासमोर आणा. एक कामटी वर, एक खाली. कापडाची सगळ्यात साधी वीण अशीच. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. मांजरपाट, मलमल, पॉपलिन, धोतर सगळं या एकाच विणीचं. फरक फक्त सुताच्या नंबराचा आणि दाटपणाचा.

दोन धाग्यांवरून जाऊन एकाखालून आलं, आणि दर ओळीत एक घर सरकलं, की तिरक्या रेघा दिसतात. हे ट्विल. जीन्सचं कापड जवळून बघा, रेघा दिसतील. धागा चार धाग्यांवरून तरंगत जाऊन एकाच धाग्याखाली बुडाला की कापड गुळगुळीत होतं आणि उजेड परतवतं. हेच साटीन. साटीन रेशमाचं असू शकतं, पॉलिएस्टरचं असू शकतं, कापसाचंही. "साटीन आहे म्हणजे सिल्कच ना" याचं उत्तर म्हणूनच "नाही" असं आहे. तरंगणारे धागे लांब असल्यामुळे अंगठीचं टोक अडकलं की सूत ओढलं जातं, ही साटीनची खोड.

टी-शर्ट आणि बनियनला ताणा-बाणा नसतोच. ते स्वेटरसारखे सुयांवर, फासात फास अडकवून विणतात. ती होजिअरी. कापसाच्या तंतूला स्वतःला ताण फारसा नसतो, तरी टी-शर्ट डोक्यातून ताणून घालता येतो, कारण ताणला जातो तो फास, तंतू नव्हे.

सोलापूरचा टर्किश टॉवेल हा माझा आवडता नमुना. त्यात ताण्याचे दोन संच असतात, एक घट्ट ताणलेला, दुसरा सैल सोडलेला. फणीनं बाणा ठोकला की सैल धागे गोल होऊन वर उभे राहतात. टॉवेल पाणी टिपतो ते या फासांच्या जोरावर. तरीही नवा कोरा टॉवेल पहिल्या दिवशी अंगावर नुसता घसरतो, पाणी टिपतच नाही. दुकानात हाताला मऊ लागावा म्हणून त्याला वरून मऊपणाचं रसायन लावलेलं असतं, आणि ते पाणी अडवतं. दोन-तीन पाण्यांत गेलं की टॉवेल ताळ्यावर येतो. आपण वातीच्या कापसावर पाहिलं तेच, फक्त इथे मेण माणसानं लावलेलं.

"खादी म्हणजे कॉटनच ना?"

नाही. १९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्यातली व्याख्या सरळ आहे. सूत भारतात हातानं कातलेलं हवं आणि कापड भारतात हातमागावर विणलेलं हवं. सूत कापसाचं, रेशमाचं किंवा लोकरीचं, यांतलं काहीही किंवा त्यांचं मिश्रण. त्यामुळे रेशमी खादी हा विरोधाभास नाही. आणि गिरणीचं सूत हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड, पण खादी नव्हे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचं कापड यंत्रमागाचं. तिथे बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला मोठा रूळ, मागावर चढवण्याआधी सुताला सायझिंगमध्ये खळ पाजतात, नाहीतर ताणा-तोड होऊन माग दर मिनिटाला थांबेल.

हातकताईच्या सुतात पीळ कुठे जास्त, कुठे कमी असतो. कापडात थोडी पोकळी राहते, म्हणून खादी उन्हाळ्यात हवा खेळवते.

शेवटचा हात

मागावरून उतरलेलं कापड म्हणजे कोरं कापड, पिवळट, खळीनं कडक. खळ काढायची, मेण काढायचं, पांढरं करायचं, रंगवायचं. १८४४ मध्ये जॉन मर्सर या इंग्रज माणसाला आढळलं की तीव्र कॉस्टिक सोड्यात कापसाचा तंतू फुगतो आणि रंग चांगला धरतो. पुढे कळलं की सूत ताणून धरलं तर चमकही येते. शिवणाच्या रिळावर "मर्सराइज्ड" लिहिलेलं असतं ते या मर्सरच्या नावावरून.

सुती कापड आटतं कशामुळे, हेही इथेच समजतं. माग आणि पुढची सगळी यंत्रं कापड ताणून पुढे नेतात. ते ताणलेल्या अवस्थेतच वाळतं, गुंडाळलं जातं, शिवलं जातं. घरी बादलीत पडलं की सैल होऊन आपल्या मूळ मापावर येतं. म्हणजे कपडा आटत नाही, आधी ताणलेला असतो तो सुटतो. यावरचा उपाय म्हणून कारखान्यातच यंत्रानं कापड आधी आटवून घेतात. गिरणीच्या जुन्या कापडांच्या काठावर "सॅनफोराइज्ड" असा शिक्का असायचा, तो याचा. तसा भरवसा नसेल तर शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर भिजवून वाळवायचं, ही आईची पद्धत आजही बिनचूक आहे. व्हिस्कोसला हाच हिशेब दामदुपटीनं लागू होतो.

"नैसर्गिक तेच पर्यावरणाला चांगलं, नाही का?"

सरळ हो म्हणता येत नाही. पॉलिएस्टर धुताना त्याचे सूक्ष्म तुकडे पाण्यात जातात आणि कुजत नाहीत, हा त्याच्यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप. व्हिस्कोस कुजतं, पण ते बनवताना लागणारं कार्बन डायसल्फाइड कामगारांसाठी घातक. लायोसेल नावाच्या नव्या प्रकारात दुसरा द्रावक वापरतात आणि तो जवळपास सगळा परत मिळवतात, पण ते महाग. कापसाला फवारण्या लागतात. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी हा आकडा सगळीकडे फिरतो, पण विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. ते पाणी आभाळातून पडतं, धरणातून येत नाही. सगळीकडचा कापूस एकाच मापानं मोजला की असं होतं.

मग घरी ओळखायचं कसं?

जाळून बघायची पद्धत जुनी आहे. शिवणीतून एक-दोन धागे काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा. कागदाचा वास आणि मऊ राखाडी राख आली तर सुती किंवा व्हिस्कोस. केसाचा वास, धागा जळता जळता स्वतःच विझला आणि राखेचा मणी बोटानं चुरडला गेला, तर रेशीम किंवा लोकर. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. महागडी रेशमी साडी घेताना मात्र हे उद्योग करण्यापेक्षा केंद्रीय रेशीम मंडळाची सिल्क मार्कची खूण बघावी.

कापूस आणि व्हिस्कोस जाळून वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्ही सेल्युलोजच. त्यासाठी पाणी लागतं. मी मावशीला फोनवर सांगितलं, शिवणीतून एक सूत ओढ, मधोमध ओल्या बोटानं भिजव आणि दोन्ही टोकं धरून ओढ. कापूस असेल तर कोरड्या जागी तुटेल, कारण ओला भाग जास्त मजबूत झालेला असतो. व्हिस्कोस असेल तर उलट.

तिनं फोन स्पीकरवर ठेवला. थोडा वेळ नुसती खुडबुड. मग आवाज आला, "तुटलं. ओल्या जागीच."

आणि लगेच, "थांब हं, ठेवू नकोस फोन. काकांचा तो प्युअर कॉटनचा सदरा घेऊन येते."